तळं समितीच्या ताब्यात गेलं त्याची गोष्ट

एका जंगलात, पोरांनो, वाघ समाजवादी झाला. कसा झाला ते मला विचारू नका. सकाळी उठला तो झालेलाच होता. हरणं आधीही खायचा. आता सगळ्यांच्या वतीनं खायला लागला.

तिथं एक तळं होतं. दर साली त्याच्या बांधाला भोक पडायचं. बेडक्या चिखल लिंपून ते बुजवायच्या. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

वाघ म्हणाला, "तळं आता सगळ्यांचं. तेव्हा कुणी हात लावायचा नाही. बांध सरकार बघेल."

सरकार लांब राहायचं. तळं निम्म्यावर आलं.

मग वाघाचं धोरण बदललं. म्हणाला, "सत्ता खाली गेली पाहिजे." सत्ता खाली निघाली ती घोरपडीपाशी थांबली. तळे समिती झाली, घोरपड अध्यक्ष झाली. एकदा चिकटलेली घोरपड कुणी सोडवली आहे का?

भागाबाई बेडकीची पिल्लं तळ्यात होती. नुसत्या शेपट्या, पाय फुटायचे होते. पाणी गेलं की ती गेली.

"घोरपडबाई, भोक वाढलंय. पोरं मरतील माझी."

"विषय घेतलाय, भागाबाई. पुढच्या बैठकीत बघू."

"पाणी थांबतंय होय बैठकीपर्यंत?"

"त्यालाही बोलावू की."

भागाबाईनं जावा-नणंदा गोळा केल्या. दुपारपर्यंत भोक बुजलं.

घोरपड धापा टाकत आली. "कुणी सांगितलं होतं?"

"गळत होतं, बुजवलं. त्याला काय सांगायचंय?"

"अगं, मग समिती कशाला, असं वाघोबा विचारतील ना मला."

प्रश्न बरोबर होता. म्हणून समितीनं लिंपण उकरून काढलं. आता ते रीतसर, वाघाच्या हस्ते लिंपायचं ठरलं. उकरलेला चिखल वाया कशाला घालवा? त्याचा वाघाला बसायला ओटा केला. ओटा झकास झाला, खोटं का बोलू.

वाघ सवडीनं आला. ओट्यावर बसून बोलला, "आज सत्ता लोकांच्या हाती आली."

समोर तळं कोरडं पडलं होतं. भागाबाई भेगांत हात घालून पिल्लं हुडकत होती.

"ती कोण?" वाघानं विचारलं.

"लोकसहभाग, साहेब," घोरपड म्हणाली.

तात्पर्य : आपलं काम आपण करू नये. समितीला वाईट वाटतं.