देवचंदच्या कॉम्प्युटरचा गाळ

"तळं जुनं झालं म्हणून कोणी दुसरं खणते का? गाळ काढतेत!" असं छातीठोक सांगून देवचंदने सकाळीच कॉम्प्युटरचा डबा अंगणात आणला. तळी बांधणाऱ्या कोहळी लोकांचा तो वंशज. त्याला एका डब्याचं काय भय!

पण त्या डब्यात त्याचा जीव अडकला होता. दोन वर्षं एका बोटाने टाइप केलेलं चार अंकी नाटक! दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते लावायचं की नाही, हे ठरवायला नाटकमंडळीचा सेवकराम आज संध्याकाळी ऐकायला येणार होता. लाऊडस्पीकरवर 'लेखक देवचंद' असं एकदा तरी ऐकावं, एवढीच बिचाऱ्याची हौस. आणि मशीन असं की बटण दाबून बैलांचं चारापाणी करून आलं, तरी पडद्यावर चक्कर फिरतच!

गोंदियात नोकरी करणाऱ्या मुलाने, भूपेंद्रने, फोनवर सांगितलं होतं, "बाबुजी, आतमंधी धूळ बसली असन. पंखा जाम होते, मशीन तापते. अन् नको त्या फायली भरून ठेवल्या, जागाच नाही तर चालन कशी? पण मी आल्यावर पाहू. तुम्ही हात लावू नका!"

शेवटचं वाक्य देवचंदच्या कानात शिरलंच नाही.

डबा उघडला, तर आत धुळीची गोधडी आणि कुंभारमाशीचं मातीचं घर! ब्रशने झाडलं आणि खरोखरच मशीन जरा चपळ झालं. झालं, देवचंदच्या अंगात वारं शिरलं.

"आता तळातला गाळ!" तो बायकोला म्हणाला.

"त्यात तळ कुठं हाये जी?" धुरपताबाईने विचारलं.

"जे पयले आलं ते खाली बसते. मंजे जुनं तेवढा गाळ!"

फाइलला नाव द्यायचं असतं, हे गृहस्थाला ठाऊकच नव्हतं. त्याने तारखा पाहिल्या आणि जुन्या फायली धडाधड उडवल्या. मशीन सुसाट! "पाय, पाय!" म्हणत त्याने नाटक शोधायला घेतलं. पहिला अंक नाही. दुसरा नाही. तिसराही नाही! उरला चौथा, आणि त्यात सगळी पात्रं अगोदरच मेलेली!

भूपेंद्रला फोन.

"कचऱ्याच्या टोपलीत पाहा, तिथं असन."

"टोपली रिकामी केली ना!"

"काऊन?"

"अरे, काढलेला गाळ काठच्या पाळीवर ठेवला तर पयल्याच पावसात पुन्हा तळ्यात येते!"

"मग गेलं, बाबुजी."

संध्याकाळी सेवकराम आला तेव्हा देवचंद कपाळाला हात लावून ढसाढसा रडत होता. सगळं ऐकून सेवकरामने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लय वाईट झालं, देवचंदभाऊ," म्हणाला आणि चहा न घेताच लगबगीने निघून गेला. किती लागलं त्याच्या मनाला, असं देवचंदला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेवकरामची बायको प्रेमिला वाटीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन दारात हजर!

"कायचा प्रसाद वं?" धुरपताबाईने विचारलं.

"आपल्या इकडच्या प्रतापगडच्या महादेवाचा. नाटकमंडळीनं नवस बोलला होता, देवचंदभाऊचं नाटक उभं राहू नाही म्हणून. तोंडावर नाही कोण म्हणन, बाई? काल पावला देव!"

देवचंदने बायकोकडे पाहिलं. तिने तोवर दोन तुकडे तोंडात टाकले होते. आता महादेवाच्या प्रसादाला नाही तरी कसं म्हणायचं! देवचंदने डोळे पुसले आणि एक तुकडा उचलला.