भोयेकाकांची पांढरी मंडळी

भोयेकाका भेटले की नमस्कार करत नाहीत. ते तुमच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढतात, आतला रंग बघतात आणि मगच बोलायला लागतात. रंग लालसर असला तर "छान, बोला." फिकट असला तर तुमचं काम राहतं बाजूला आणि नागलीची भाकरी, शेवग्याचा पाला, जंताची गोळी यांवर भाषण सुरू होतं. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात असताना त्यांनी नवरदेवाची पापणी ओढली. करवल्या किंचाळल्या, भटजी थांबले. काकांनी वधूपित्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "मुलगा ठीक आहे. होऊ द्या."

त्यांचाही इलाज नाही. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी रक्त तपासलं. मूळचे जामसरचे, निवृत्त झाल्यावर जव्हारात आमच्या शेजारी घर बांधून राहिले. मी झेडपीच्या शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी कुठल्याशा कॉलेजने टाकून दिलेला एक मायक्रोस्कोप आहे. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर त्यांचा फार जीव. त्यांना ते 'पांढरी मंडळी' म्हणतात. शेजारी आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. दिवस निवडणुकीचे होते. कुंपणापलीकडून ते सांगत होते, "पांढरी मंडळी धावून आली, म्हणून वाचला बिचारा!" पुढारी कुणाच्या तरी मदतीला धावले असं वाटून मी थक्कच झाले. मग कळलं, गोष्ट एका माणसाच्या पायातल्या काट्याची होती.

जानकीकाकू त्यांच्या उलट. माहेर सूर्यमाळचं, बोलणं मोजकं. काका तासभर बोलले की त्या "हां" म्हणायच्या, आणि त्या एका "हां"वर काका आणखी तासभर बोलायचे.

मे महिन्यातल्या एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "बाई! गाडी बोलवा! आत्ता!"

मी धावले. भाकरी थापता थापता काकूंच्या उजव्या हातातून पीठ गळून पडलं होतं. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. काका त्यांच्यापुढे बसून विचारत होते, "हात वर कर. हस बघू. माझं नाव सांग." हात उठेना, शब्द फुटेना. काकांनी पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहिलं, सात दहा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"डॉक्टर पहिलं हेच विचारतील. कधी झालं? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं."

काकांचा मुलगा ठाण्याला नोकरीला, त्यामुळे सोबत मीच गेले. मोखाड्याच्या वळणांवर अँब्युलन्स इकडून तिकडे कलत होती, आणि काका एका हाताने काकूंना धरून दुसरा तळहात घामाने पुसला जाऊ नये म्हणून खिडकीबाहेर काढून बसले होते! नाशिकच्या हॉस्पिटलात तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी पहिल्यांदा तो तळहातच धरला. स्कॅन झाला. इंजेक्शन वेळेत मिळालं. काकूंचा उजवा अंगठा जरासा हलला तेव्हा काकांनी वॉर्डात अशी आरोळी ठोकली, की दोन नर्स आणि एक वॉचमन धावत आले.

पण तिसऱ्या दिवशी काकू गुंगीत गेल्या. हाक मारली तरी डोळे उघडेनात.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला बसवून समजावलं. "रक्त न मिळाल्याने मेंदूचा थोडा भाग मेला आहे. असं झालं की मेंदूतल्या राखणदार पेशी जाग्या होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तिथे शिरतात. आत शत्रू कुणी नसतो, पण त्या शत्रू आल्यासारख्या लढतात. त्यात शेजारचा जिवंत भागही भरडला जातो. सूज वाढते. आता तेच चाललंय."

काकांचा चेहरा असा झाला, जणू सख्ख्या भावाने घर फोडल्याचं कुणी येऊन सांगावं.

"माझी मंडळी? जानकीच्या डोक्यात मारामारी करतायत?"

"तसंच काहीसं."

"मग हाकला त्यांना! स्टेरॉइड द्या!"

"या आजारात त्याचा उपयोग होत नाही काका, उलट जंतूंना रान मोकळं मिळतं. आणि थोड्या दिवसांनी याच पेशी मेलेलं सगळं उचलून नेतात, डागडुजीला हातभार लावतात. त्यांना आज हाकललं तर उद्या साफसफाई कोण करणार? कुणाला कधी आवरायचं, ते जगभर अजून शोधतायत. आपण सूज उतरवायची औषधं देतोय. वाट बघायची."

दोन दिवस काकांनी पांढऱ्या मंडळींचं नाव काढलं नाही. एकदा मात्र चहाचा कप हातात धरून म्हणाले, "बत्तीस वर्षं मी त्यांची बाजू घेतली, बाई." चहा तसाच गार झाला.

पाचव्या दिवशी काकूंनी डोळे उघडले. काका डावीकडे सरकले, डोळे डावीकडे गेले. काका उजवीकडे सरकले, डोळे उजवीकडे. मग काका कॉटभोवती फेऱ्याच मारायला लागले. "बघतेय! बाई, बघतेय ती! साफसफाई सुरू झाली!" नर्सने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर त्यांनी लिफ्टची वाट बघणाऱ्या एका अनोळखी माणसाची पापणी आनंदाने ओढली.

घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मेंदूला असा मार बसला की बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती काही आठवडे ढिली पडते. गिळणंही नीट नसतं. घास किंवा घोट श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होतो. बसवूनच भरवा, तोंड स्वच्छ ठेवा, आजारी माणूस जवळ येऊ देऊ नका.

झालं! काकांनी फाटकातच खुर्ची टाकली. शेजारी बादली, साबण, कपाळाला लावायचा थर्मामीटर. बघायला येणाऱ्याने आधी हात धुवायचे, मग खोकून दाखवायचं. खोकला ओला वाटला की परत! आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ते आवळ्याची गोळी चघळत आले आणि पास झाले.

सूर्यमाळहून काकूंचे भाऊ धाकलूदादा जीपभर माणसं घेऊन आले, तेव्हा खरी गंमत झाली.

"आमचे बहिणीला भेटाया साबण लावाचा?" धाकलूदादा कडाडले. "आमी काय रोगी हाव?"

"लावाचा," काका म्हणाले. "वीस आकडे मोजून."

"आमचे पाड्यावर प्याया पाणी नाय. बाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. नि तू हात धुवाया बादल्या ओततोस?"

काका उठले. आतून मोठं घमेलं आणलं आणि म्हणाले, "दादा, यात धुवा. पाणी वाया नाही घालवत, झाडांना टाकतो. पण धुवा. मारामारीच्या जागी सगळी धावली की गावाच्या वेशीवर पहारा राहत नाही. तिचं आता तसं झालंय." जीपभर माणसं रांगेने घमेल्यात हात घालून मोठ्याने आकडे मोजत होती. समोरच्या घरातली पोरं गच्चीवर चढून बघत होती.

एवढा पहारा ठेवूनही घात केला तो मायेने. काका औषधं आणायला बाजारात गेले असताना धाकलूदादांनी बहिणीला पडल्या पडल्या दोन घोट चहा पाजला. लहानपणापासून दोघं एका कपात चहा पीत. काकूंना ठसका लागला. तिसऱ्या दिवशी ताप चढला, धाप लागली.

जव्हारच्या दवाखान्यात काकूंना ऑक्सिजन लावला. धाकलूदादा व्हरांड्यात भिंतीशी बसले होते, डोकं गुडघ्यांत. काका त्यांच्याजवळ गेले. आता जुंपणार म्हणून मी पुढे झाले. काका खाली बसले आणि म्हणाले, "दादा, तिनं मागितला असता तर मीसुद्धा पाजला असता." मग उठून आपल्या जुन्या लॅबच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आता तिथे नवी टेक्निशियन आहे. मशीनमधून कागद निघाला तसा तिने तो काकांच्या हातात दिला.

"आली!" काका ओरडले. "बाई, मंडळी आली! आकडा बघा केवढा चढलाय! मला वाटलं होतं, झोपलीच सगळी. जागी आहेत!"

तिथले डॉक्टर धावत आले. "काका, संसर्ग आहे म्हणून पेशी वाढल्यात. ही नाचायची गोष्ट नाही."

"तुमच्यासाठी नसेल," काका म्हणाले आणि तो कागद धाकलूदादांना दाखवायला निघाले. धाकलूदादांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण काकांचा चेहरा बघून ते पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले.

अँटिबायोटिक लागू पडलं. चार दिवसांनी ताप उतरला. त्या सकाळी काका उशाशी बसून आदल्या दिवशीचा रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचून दाखवत होते. काकूंचे ओठ हलले. सगळे वाकले. बराच वेळ झटून काकूंच्या तोंडून महिन्याभरातला पहिला शब्द आला.

"बोकड."

त्यांना काय म्हणायचं होतं ते अजून कळलेलं नाही. मेंदूच्या त्या भागाला मार लागला की मनात एक शब्द असतो आणि तोंडात दुसराच येतो, असं डॉक्टर म्हणाले. काकांना फिकीर नव्हती. त्यांनी ठाण्याला मुलाला फोन लावला, नाशिकला डॉक्टरीणबाईंना लावला, मुख्याध्यापकांना लावला. "बोलली! मला बोकड म्हणाली! स्पष्ट! ड सुद्धा स्पष्ट!"

पुढचे महिने असेच आरोळ्यांचे गेले. काकूंनी परातीतून नागलीचा दाणा चिमटीत उचलला, आरोळी. उंबरा ओलांडला, आरोळी. पेल्याला 'कोंबडी' म्हणाल्या, तरी आरोळी. कारण काल त्याला काहीच म्हणता येत नव्हतं. आमच्या आळीला घड्याळ लागेनासं झालं.

एकच गोष्ट मला कळत नसे. काकूंना साखरेचाही त्रास निघाला होता आणि रोज सकाळी बोट टोचून ती घरीच तपासायची होती. यंत्र होतं, पट्ट्या होत्या. आणि रोज सकाळी बत्तीस वर्षांचे अनुभवी भोयेकाका कुंपणाशी येऊन मला म्हणायचे, "बाई, जरा येता का? मला जवळचं नीट दिसत नाही हल्ली." मी टोचेपर्यंत ते परसात जाऊन पाठमोरे उभे राहायचे.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मी काकूंना विचारलं, "काकांना मायक्रोस्कोपमधलं दिसतं, मग तुमचं बोट कसं दिसत नाही हो?"

काकू हसल्या. मग एकेक शब्द शोधत, मध्ये थांबत बोलायला लागल्या. "लग्न... नवं. यांनी... टोचलं. मी..." त्यांनी तोंड मोठं उघडून दाखवलं.

"ओरडलात?"

"हां. दवाखाना... जमला. तेव्हापासून... नाय. कधीच." थोडा वेळ त्या बोटावरचा कापूस दाबत राहिल्या. "मी... उगाच. दवाखाना... पहिला. भ्याले. दुखलं... नव्हतं."

"मग सांगितलं नाहीत त्यांना?"

काकूंनी मान हलवली. चाळीस वर्षं घरातलं सगळं बोलणं काकाच बोलले होते.

"झालं का?" परसातून आवाज आला. आमच्याकडे अजून पाठच होती.

"बोलवा," काकू म्हणाल्या.

काका आत आले. काकूंनी उजवा हात पुढे केला, तोच, सहा महिन्यांपूर्वी ज्यातून पीठ गळलं होतं तो.

"दुखलं नव्हतं," त्या म्हणाल्या. एका दमात, कुठेही न अडखळता.

"कधी?" काकांनी विचारलं.

"तेव्हा."

काका तिथेच जमिनीवर बसले. काकूंची बोटं त्यांनी दोन्ही हातांत धरली आणि कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली. मी यंत्र डबीत घातलं आणि मागच्या दाराने माझ्या घरी आले.