रंगाच्या दुकानाची उडालेली पाटी

नवी पाटी वर चढली आणि शिवप्पाचं तोंड उतरलं. "मुजीबभाई, ह्ये काय? अक्षराचा रंग उडालाय की!"

मुजीबनं कपाळाला हात लावला. येडशीतली फ्लेक्सच्या दुकानातली नोकरी सोडून त्यानं धाराशिवात स्वतःचं दुकान थाटलं, त्याला महिनाही झाला नव्हता. शिवप्पाच्या रंगाच्या दुकानाची पाटी हे त्याचं पहिलं मोठं काम. तेही भर बाजारपेठेत, खाली कोपऱ्यात त्याचं नाव आणि फोन नंबर. म्हणून त्यानं अगदी ठेवणीतला फॉन्ट काढला होता. जाडजूड, दणकट अक्षरं आणि तीही मुद्दाम खरवडलेली, जुन्या ट्रकवरच्या नावासारखी.

"शेठ, उडाला न्हाय, डिझाईनच तसं हाय. टी-शर्ट, हॉटेलं, पिच्चरची पोस्टरं, सगळीकडं ह्येच चालतंय. तुम्ही मोबाईलवर पास केलं व्हतं की."

"मोबाईलवर मुंगीएवढं दिसतंय! आन हॉटेलाला चालंल हो. माझं रंगाचं दुकान हाय. रंगवाल्याच्याच पाटीचा रंग उडालेला बघून गिऱ्हाईक काय म्हणंल?"

हे मात्र मुजीबच्या डोक्यात आलंच नव्हतं. फॉन्टवर जीव जडला की दुकान कशाचं आहे हे कोण बघतं! "दुपारपर्यंत दुसरी छापून देतो," तो म्हणाला. पण दुकानाचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं आणि फीत कापायला शिवप्पाचे सासरे भूमहून निघालेसुद्धा होते. शिवप्पानं तडक लाल रंगाचा डबा फोडला, ब्रश घेतला आणि शिडीवर चढला.

"शेठ, फ्लेक्सवर भिंतीचा रंग धरत न्हाय!"

"माझ्या दुकानचा रंग पाण्यावर बी धरतो!"

"मग निदान खालचं माझं नाव तरी पुसा!" मुजीब कळवळून ओरडला. ऐकतो कोण? एकूण एक ओरखडा बुजवूनच शिवप्पा खाली उतरला. अक्षरं लालभडक दिसायला लागली. मुजीबला ती सुजल्यासारखी वाटली.

सासरे आले, फीत कापली, नारळ फुटला. तोवर ऊन तापलं, वारा सुटला, फ्लेक्स फडफडायला लागला आणि वाळलेल्या रंगाचे पापुद्रे पाहुण्यांवर अक्षतांसारखे पडू लागले. एक नेमका सासऱ्यांच्या टोपीवर बसला. सगळी गर्दी वर बघू लागली.

"रंग उडतोय का काय?" कुणीतरी विचारलंच.

शिवप्पाला घाम फुटला. मुजीब मागच्या मागं सटकणार, तेवढ्यात शिवप्पानं त्याचा दंड धरून त्याला पुढं ओढलं. "रंग कशाला उडंल? डिझाईन हाय ते! लई भारी! ह्ये आमचे मुजीबभाई, ह्येंनीच केलंय. सांगा की ओ!"

मुजीबला वाटलं, डबा उचलावा आणि याच्याच डोक्यावर ओतावा. पण पाटीवर नाव त्याचं होतं. "व्हय," तो दात-ओठ खात म्हणाला, "मुद्दामच केलंय."

सासऱ्यांनी टोपीवरचा पापुद्रा काढून दोन बोटांत चुरला. "झ्याक हाय," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या भूमच्या बंगल्याला बी ह्येच डिझाईन करू. जावईबापू, रंग तेवढा तुमच्या दुकानचा पाठवा. बाकीचं आपोआप हुईल."