पोटपट्ट्याची पाठवणी

ओकायामा स्टेशनवर योशिहारू तोकुनागा जेवणाचे डबे घ्यायला फलाटाच्या टोकाला गेले आणि त्यांच्या पत्नी फुसाएबाई यांनी त्यांच्या बॅगेत हात घातला. सदतीस वर्षांच्या संसारात चोरासारखे वागण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. हाताला लागला तो लोकरीचा पोटपट्टा. मूळचा तपकिरी, आता कोणत्याच रंगाचा न उरलेला, दोन ठिकाणी कसरीने खाल्लेला. आतल्या बाजूला कैलासवासी सासूबाईंनी लाल दोऱ्याने भरलेले नाव: तोकुनागा. पोटाला गारवा लागू नये म्हणून योशिहारू तो बाराही महिने बांधत; आज स्नानानंतर बांधायला म्हणून तो बॅगेत घेतला होता.

आज अतामीच्या गरम झऱ्यावरच्या पाहुणघरात तोक्योचे कुसाकाबे कुटुंब भेटणार होते. कन्या चिनात्सुचे लग्न त्यांच्या मुलाशी ठरत होते, आणि दोन्ही घरांचे हे पहिलेच जेवण. जेवणाआधी दोघे व्याही एकत्र स्नानाला जाणार, म्हणजे कपडे उतरवून शेजारशेजारच्या टोपल्यांत ठेवणार. तीन पिढ्यांचा किमोनोंचा व्यापार असलेल्या कुसाकाबेंच्या टोपलीशेजारी हे लक्तर. चिनात्सुने फोनवर एवढेच सांगितले होते, "आई, बाबांचा तो पट्टा तेवढा नको गं. तुझ्या पाया पडते."

घरी तो टाकण्याची सोय नव्हती. योशिहारू गल्लीच्या कचरा समितीचे प्रमुख होते. प्रत्येक पिशवी ते स्वतः उघडून पाहत आणि मगच कोपऱ्यावर नेऊन ठेवत.

फुसाएबाईंनी पट्टा बाकावर ठेवला, त्यावर वर्तमानपत्र पसरले आणि मागे न पाहता त्या गाडीत चढल्या. दारे मिटणार एवढ्यात पांढरे हातमोजे घातलेला रेल्वेचा अधिकारी धावत आला. दोन्ही हातांनी पट्टा पुढे धरून त्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

"बाईसाहेब, आपलं हे राहिलं होतं."

"फार उपकार झाले," फुसाएबाई म्हणाल्या आणि पट्टा पर्समध्ये कोंबला.

डबे घेऊन आलेल्या योशिहारूंनी विचारले, "कोण होता गं?"

"कोणी नाही. गाडी वेळेवर सुटते आहे, असं सांगत होता."

"ते काय सांगायचं असतं?"

नागोयाला गाडी बदलायची होती. उतरण्यापूर्वी फुसाएबाईंनी पट्टा समोरच्या जाळीतल्या मासिकामागे सरकवला. योशिहारू पुढे जाऊन फलक वाचू लागले. फुसाएबाई चार पावले चालल्या नाहीत तोच मागून हाक आली.

"आजी, ओ आजी, थांबा जरा."

जांभळे केस, डोक्यावर मांजराचे कान आणि पाठीला शेपूट, अशा चित्रकथेतल्या वेषातली एक मुलगी पट्टा नाचवत पळत येत होती. तिच्यामागे गाडीची दारे मिटली आणि गाडी निघून गेली.

"अगंबाई, ती तुझी गाडी होती का?"

"हो. असू दे, दहा मिनिटांत दुसरी येते. हातानं विणलेलं दिसतंय, आजी. हरवलं असतं तर जिवाला लागलं असतं तुमच्या."

आपल्यासाठी गाडी सोडलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणे फुसाएबाईंच्या रीतीत बसत नव्हते. हातात होती ती विहीणबाईंसाठी आणलेली ओकायामाच्या खास मिठाईची पेटी. ती त्यांनी चार वेळा वाकून मुलीला दिली आणि स्टेशनवरच्या दुकानातून नागोयाची मिठाई घेतली. आपल्या गावचा म्हणून द्यायचा जिन्नस वाटेतल्या गावचा. पट्ट्यापायी आता दुसरीही लाज पदरात पडली होती.

अतामीला पाहुणघरात पोहोचताच योशिहारूंनी बॅग उलटीपालटी केली.

"अगं, माझा पट्टा कुठं गेला?"

"घरी राहिला असेल. आता आंघोळीला निघा, व्याही खोळंबलेत."

ते गेल्यावर फुसाएबाईंनी खोलीतले गाद्यांचे कपाट उघडले, पट्टा सर्वांत मागे खुपसला आणि श्वास सोडला.

जेवण थाटाचे होते. चिनात्सु होणाऱ्या नवऱ्याशेजारी बसली होती. कुसाकाबे बाई शांत आणि रेखीव होत्या. त्यांनी नागोयाची मिठाई दोन्ही हातांनी स्वीकारली आणि स्वतःची भेट पुढे केली: ओदावाराच्या मासळीच्या वड्या. तोक्योची माणसे ओदावाराचा जिन्नस का देत आहेत, हा प्रश्न फुसाएबाईंच्या मनात आला, पण तेवढ्यात त्यांना दुसरेच काही आठवले. पाहुणे जेवत असतानाच नोकर खोलीत गाद्या घालतात. कपाटातल्या सगळ्या गाद्या काढून.

दार सरकले. पाहुणघराच्या मालकीणबाई गुडघ्यांवर सरकत आत आल्या. पुढ्यात लाखेचे काळे तबक, तबकात घडी घातलेला पट्टा.

"तोकुनागासाहेबांनी मघाशी कळवलं होतं, पट्टा सापडत नाही म्हणून. गाद्यांमागे मिळाला. थोडा उसवला होता, आमच्या बायकांनी टाका घातलाय."

चिनात्सुने डोळे मिटले. फुसाएबाईंनी भाताच्या वाटीत नजर रोवली.

"बघू," कुसाकाबे म्हणाले. त्यांनी पट्टा हातात घेतला आणि पोटाला लावून पाहिला. "वा. नशीबवान आहात. माझाही होता, हिरवा, पांढऱ्या रेघांचा. तीस वर्षांचा सोबती. आज सकाळी वाटेतच हरवला. स्टेशनवर कळवलंय, पण आता कुठला मिळतोय."

"अरेरे," योशिहारू मनापासून म्हणाले. "पोटाला त्याचीच सवय होते हो."

कुसाकाबे बाई नवऱ्याच्या पेल्यात साके ओतत होत्या. हात जराही हलला नाही. दार पुन्हा सरकले आणि मालकीणबाईंच्या हाती दुसरे तबक दिसले.

"ओदावारा स्टेशनवरून हे आत्ताच आलं."

या वेळी मात्र साके सांडली.

जेवणानंतर दोघी विहिणी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. वाफेत चेहरे धड दिसत नव्हते, आणि ते बरेच होते.

"आपण कुठे ठेवला होता?" कुसाकाबे बाईंनी विचारले.

"फलाटावर. मग गाडीत. मग गाद्यांमागे. आणि आपण?"

"ओदावाराच्या बाकावर. एक गृहस्थ घेऊन धावत आले, त्यांना तोक्योची बिस्किटं द्यावी लागली. मग खांबामागे ठेवला."

"म्हणून त्या वड्या."

"म्हणून ती मिठाई."

मग कुसाकाबे बाई म्हणाल्या, "विहीणबाई, अदलाबदल करू या. आपला मी टाकते, माझा आपण टाका. नाव तेवढं उसवून काढू. परक्याचा पट्टा कोण ओळखणार?"

चिनात्सुचे लग्न त्या क्षणी पक्के झाले, असे फुसाएबाई पुढे नेहमी सांगत.

पुढच्या शुक्रवारी सकाळी योशिहारू कचऱ्याचे हातमोजे घालूनच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. हातात हिरवा, पांढऱ्या रेघांचा पट्टा होता.

"अगं, हा तर व्याह्यांचा. आपल्या पिशवीत कसा? किती शोधत असतील बिचारे. खोकं आहे का गं एखादं?"

फुसाएबाई उत्तर जुळवत होत्या, तोच दारावरची घंटा वाजली. कुरिअरवाला तोक्योहून आलेले एक हलके, मऊ खोके घेऊन उभा होता. पाठवणाऱ्याचे नाव विहीणबाईंचे नव्हते. ते व्याह्यांच्या ठसठशीत अक्षरात होते.

खोके उघडण्याची गरज नव्हती. फुसाएबाईंनी पावतीवर घरचा शिक्का उमटवला. लाल अक्षरांत नाव उठले: तोकुनागा.