मास्तरांची एक बाटली

"दोन पिशव्या रक्त? एवढंच ना? अहो डॉक्टर, हा हात बघा! या हातातून एक बाटली पूर्वी गेलेली आहे. आता दोन घ्या, तीन घ्या, राखीव म्हणून चौथी घ्या!"

असं म्हणून मास्तरांनी शर्टाची बाही थेट दंडापर्यंत सारली. डॉक्टरीणबाईंनी त्या हाताकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. त्या मास्तरांच्या बायकोशी बोलत होत्या. परवा सकाळी तिच्या गर्भाशयातल्या गाठींची शस्त्रक्रिया होती, आणि रक्त जास्त गेलंच तर हाताशी दोन पिशव्या असाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते लोकांना मोटार शिकवायचे. मोटार शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो. शिकणारा कितीही जोरात निघाला तरी मास्तरांनी पाय दाबला की गाडी जागच्या जागी! तेहेतीस वर्षं हा ब्रेक दाबून दाबून मास्तरांना सवयच लागली होती. घरातही कुणी वेगात बोलायला लागलं की त्यांचा पाय आपोआप दाबला जायचा.

आणि घरातला त्यांचा ब्रेक म्हणजे ती बाटली.

एकोणतीस वर्षांपूर्वी लेक जन्माला आली तेव्हा बायकोचं रक्त थांबता थांबेना. तेव्हा मास्तरांनी हात पुढे केला, "काढा, शेवटच्या थेंबापर्यंत काढा!" अशी गर्जना केली, आणि आपल्या रक्ताने बायकोचा जीव वाचवला. ही हकिकत बारशाला सांगितली गेली, लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगितली गेली, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला नळ गळत असताना सांगितली गेली. बायको म्हणाली, "मलाही मोटार शिकवा ना," की मास्तर गंभीर होत. "ज्या अंगात माझं रक्त आहे, ते अंग मी रस्त्यावर धोक्यात घालू?" लागला ब्रेक! बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाची कटिंग बघायची. एका वेळी ऐंशी थर कापड सरळ रेषेत कापणारी बाई, पण या बाटलीपुढे तिची कात्री चालत नसे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळीच रक्तपेढीतून फोन आला. "पेशंटच्या रक्तात काहीतरी सापडलंय. ताबडतोब या."

मास्तर, बायको आणि आईच्या शस्त्रक्रियेसाठी माहेरी आलेली लेक, तिघंही धावत पोचले. खिडकीपलीकडे एक चष्मेवाल्या मॅडम बसल्या होत्या. त्यांच्यासमोर अकरा छोट्या नळ्यांची रांग आणि एक चौकटींचा तक्ता.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "यांच्या रक्तात एक अँटिबॉडी आहे. डफीविरुद्ध."

मास्तरांच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. "हा डफी कोण?"

"कोण नाही हो, काय. डफी नावाचा अँटिजन असतो."

"नाव तर माणसाचं वाटतंय!"

"ज्या पेशंटमध्ये तो पहिल्यांदा कळला त्याचं नाव होतं ते."

"म्हणजे माणूसच ना! आणि माझ्या बायकोच्या रक्तात त्याचं काय काम?"

"अहो बाबा!" लेक खेकसली.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "हे बघा, आपल्या लाल पेशींच्या अंगावर खुणा असतात. ए, बी, आरएच एवढ्या सगळ्यांना माहीत असतात. पण तशा शेकडो आहेत. आपल्याकडे नसलेल्या खुणेचं रक्त अंगात आलं, तर शरीर कधी कधी तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. पुन्हा तसलं रक्त आलं की या अँटिबॉडी त्यावर तुटून पडतात."

"म्हणजे गणवेश तोच, पण बटणं वेगळी," बायको म्हणाली. "आणि बटणांवरून ओळखून वर्गाबाहेर काढायचं."

"अगदी बरोबर! तुमचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. आमच्याकडे त्याच्या चौदा पिशव्या आहेत. पण आत्तापर्यंत तपासल्या त्या सगळ्यांवर हे डफीचं बटण! त्यांतली एकही चालणार नाही." मॅडमनी पेन उचललं. "आता सांगा, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

मास्तर याच प्रश्नाची जन्मभर वाट बघत असल्यासारखे पुढे सरसावले. "चढवलं होतं! एक बाटली! माझी!"

"बाळंतपणं किती?"

"एक! तेही माझंच! म्हणजे, मूल माझं."

"मग उलगडा झाला," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "एक तर ती बाटली, नाहीतर बाळंतपण. बाळाला वडिलांकडून ही खूण मिळते आणि आईचं शरीर तिच्याविरुद्ध उभं राहतं. दोन्हीकडून बघितलं तरी यांची अँटिबॉडी तुमच्याविरुद्धच आहे."

बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. लेकीने सरळ खिडकीकडे तोंड फिरवलं.

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "माझ्याविरुद्ध? मी जीव वाचवला आणि ही आतल्या आत माझ्यावर फौज उभारून बसली? एकोणतीस वर्षं? एका ताटात जेवून?"

"मी मुद्दाम नाही हो केलं," बायको कशीबशी म्हणाली. "रक्ताला जे वाटलं ते त्यानं केलं."

"काय वाटलं? माझ्या रक्तात काय वाईट आहे? मॅडम, माझं रक्त तपासा! आत्ताच्या आत्ता! त्यात हा डफी सापडला तर मी मोटार शिकवणं सोडेन!"

"तपासते की. तुमचा गट कोणता?"

"बी पॉझिटिव्ह! मोहर लागलेला!"

नमुना घेताना मात्र मास्तर भिंतीकडे बघत होते आणि तोंडाने रस्त्यावरच्या खुणांची नावं पुटपुटत होते. पुढचे दोन तास ते रक्तपेढीच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हा अन्याय सांगत होते. एक प्लास्टरवाले गृहस्थ चाकाच्या खुर्चीत अडकलेले, त्यांना पळताही येईना. त्यांनी तर बाटलीची हकिकत दोनदा ऐकली.

शेवटी खिडकी उघडली. मॅडम हसत होत्या.

"अभिनंदन! तुमच्यात ती खूण नाही. तुम्ही डफी निगेटिव्ह!"

"बघितलंत?" मास्तरांनी बाकावर थाप मारली. "शुद्ध रक्त! एक डाग नाही! आता बोला, कुणाविरुद्ध आहे ती अँटिबॉडी?"

प्लास्टरवाल्या गृहस्थांनी टाळी वाजवली. ती एकच वाजली, कारण मॅडमच्या कपाळावर आठी पडली होती.

"पण मग..." मॅडम तक्त्यावर पेन फिरवत म्हणाल्या, "तुमच्या बाटलीमुळे हे झालेलंच नाही. तुमच्याकडे नसलेली खूण तुम्ही देणार कुठून? आणि बाळंतपणातून म्हणावं, तर मुलीला ती वडिलांकडूनच यायला हवी. म्हणजे मूल जर..."

मॅडम गप्प झाल्या. पण फार उशिरा!

प्लास्टरवाले गृहस्थ खुर्चीची चाकं हळूहळू जवळ आणायला लागले. लेकीने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा बाबांकडे. "म्हणजे काय म्हणायचंय यांना?"

बायकोचं हसू केव्हाच मावळलं होतं. ती ताठ उभी राहिली. तिचा आवाज बारीक पण कात्रीसारखा आला. "अहो, तुम्ही सांगा. ती बाटली तुमचीच होती ना? नक्की?"

मास्तरांच्या कपाळावर घाम डवरला. 'हो' म्हटलं तर बाटली शाबूत, पण चार लोकांत बायकोवर शिंतोडे. 'नाही' म्हटलं तर एकोणतीस वर्षांचा ब्रेक खलास! सवयीने त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. काही थांबलं नाही. समोर बायको तशीच उभी, आणि तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलेलं.

"माझी नव्हती," मास्तर म्हणाले.

"मोठ्याने!" लेक म्हणाली.

"नव्हती माझी! आक्काची होती! मी... मी व्हरांड्यात पडलो होतो."

आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. लेकीने तिथल्या तिथे आत्याला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"आत्या, मी झाले तेव्हा आईला रक्त कुणी दिलं?"

पलीकडून आक्काचा दणदणीत आवाज आला. "फुटला का एकदाचा? अगं, मी दिलं! हा सुई बघून पोत्यासारखा आडवा! शुद्धीवर आला तर कंपाउंडरकडून कोपराला कापूस चिकटवून घेतला. माझ्यापुढे हात जोडले, म्हणाला, आक्का, अब्रू राख. राखली! तुझ्या लग्नात माझ्याच शेजारी बसून माझ्या रक्ताची गोष्ट स्वतःच्या नावावर सांगत होता, तरी राखली!"

"आत्या, त्या रक्तामुळे आईच्या अंगात अँटिबॉडी झाली आहे. म्हणजे तुझ्या रक्ताविरुद्ध."

"काय?" फोन हातातून उडतो की काय असं वाटलं. "माझ्याविरुद्ध? रक्त मी द्यायचं, नाव यानं लावायचं, आणि वैर माझ्याशी? वहिनीला दे फोन!"

पण वहिनी फोनवर यायच्या मनःस्थितीत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"एकोणतीस वर्षं," ती म्हणाली. "पडद्यांचा रंग तुमच्या मनासारखा. सुट्टीचं गाव तुमच्या मनासारखं. मोटार शिकू दिली नाहीत. कारखान्यात मला वरची जागा देत होते, ती नाकारायला लावलीत. दर वेळी ती बाटली! आणि मी वेडी, भांडता भांडता गप्प बसायची. म्हणायची, जाऊ दे, जीव वाचवलाय माणसानं!"

"सुई बघून नव्हतो पडलो," मास्तर पुटपुटले. "आक्काला तसं वाटलं. तुला स्ट्रेचरवरून नेत होते. तुझा चेहरा बघितला. पांढराफटक. तो बघून पडलो."

बायको एक क्षण थांबली. पण एकच क्षण. "मग तेवढंच सांगायचं होतं ना! तेवढ्यावरसुद्धा मी चार वेळा गप्प बसले असते!"

इथे मॅडम घसा खाकरून मध्ये पडल्या. "माफ करा, पण उद्या शस्त्रक्रिया आहे. आम्ही उरलेल्या पिशव्याही तपासल्या, तीन रक्तपेढ्यांना विचारलं. डफी निगेटिव्हची एक पिशवी मिळाली, ती निघालीय. दुसरी नाही. मुलीचं रक्तही जुळायला हरकत नाही, पण मघाशी बघितलं, तिचं हिमोग्लोबिन कमी आहे. आत्ता हाताशी जुळणारा एकच माणूस आहे." आणि त्यांनी पेनाचं टोक मास्तरांकडे केलं.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ते उठले. बाही सारली. या वेळी गर्जना नव्हती. "घ्या."

"मला नको!" बायको कडाडली.

सगळे चपापले. मॅडमचं पेन पडलं.

"न दिलेल्या बाटलीवर यांनी मला एकोणतीस वर्षं ऐकवलं! खरी दिली तर? उरलेला जन्म मी काय ऐकून घेऊ? आणा दुसरीकडून. नाही मिळाली तर ढकला शस्त्रक्रिया पुढे!"

"अगं, हा कुठला न्याय?" मास्तर कळवळले. "खोटं दिलं तेव्हा चाललं, आता खरं देतोय तर नको?"

"आई, रक्ताच्या संमतीपत्रावर सही कर आणि गप्प बस," लेक म्हणाली. "गेले सहा महिने जिना चढताना धाप लागते तुला. पुढे ढकलायची नाही."

बायकोने पडलेलं पेन उचललं. मग ती म्हणाली, "एका अटीवर. याचा एक शब्द काढायचा नाही. पाहुण्यांपुढे नाही, भांडणात नाही, आक्कांपुढे नाही. प्लंबरपुढे नाही."

"आणि समजा, या रक्ताने तुझा जीव वाचला तर?"

"तरी नाही."

"हा सरळसरळ अन्याय आहे!"

"मग राहू दे."

"देतो, देतो!"

मॅडमनी त्यांचं वजन केलं, दाब बघितला आणि पलंग दाखवला. मास्तर शहाणपणाने आधीच आडवे झाले, पडायला जागाच ठेवली नाही. डोळे गच्च मिटले. बायको स्टुलावर शेजारी बसली होती, रागाने दुसरीकडे बघत. पण तिचा हात मास्तरांच्या कपाळावर होता. दहा मिनिटांत मॅडम म्हणाल्या, "झालं."

मास्तरांनी एक डोळा उघडला. मॅडमच्या हातात चपटी, लहानशी पिशवी होती.

"एवढंच?" मास्तर संतापाने उठून बसायला लागले. "एवढ्याशासाठी मी एकोणतीस वर्षं खोटं बोललो?"

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी नऊला सुरू झाली. मास्तर दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. दार उघडलं की थांबत, मिटलं की चालू. साडेअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला आणि हसल्या. "उत्तम झालं. रक्तही फारसं गेलं नाही. पिशव्यांना हातसुद्धा लावावा लागला नाही."

मास्तरांनी आधी भिंतीला टेकून डोळे पुसले. मग तो दुसरा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. "हातसुद्धा नाही? एक थेंबही नाही?"

"नाही लागला तर चांगलंच की हो!"

"चांगलंच आहे! पण म्हणजे मी..." अन्याय तर झाला होता, पण तक्रार करणार कुणाकडे!

चौथ्या दिवशी बायको उशीला टेकून बसायला लागली. मास्तर रक्तपेढीत चक्कर मारून आले ते फुरंगटूनच.

"काय झालं आता?" बायकोने विचारलं.

"माझी पिशवी गेली. काल कुणालातरी चढवली. मी विचारलं कुणाला, तर म्हणे सांगता येत नाही, तसा नियम आहे! माझं रक्त आणि मलाच पत्ता नाही! या गावात कुठेतरी एक माणूस माझ्या रक्तावर हिंडतोय, आणि त्याला माझं नावसुद्धा माहीत नाही!"

बायकोने पांघरूण नीट केलं आणि समाधानाने डोळे मिटले.

"नशीबवान आहे बिचारा."