भाषांचा रकाना

बदलीच्या फॉर्मात ‘अवगत भाषा’ असा एक रकाना होता, आणि त्यापाशी लक्ष्मीकांतराव लेखणी थबकवून बसले होते. मध्यभारत मोडून नवे राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील या कचेरीचे निम्मे कारकून तिकडे रवाना होणार, हे निश्चित होते. आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून पत्नी शामलाबाईंना ग्वाल्हेरबाहेर पडणे अशक्य होते. आणि शामलाबाईंवाचून लक्ष्मीकांतरावांना सकाळचा चहासुद्धा उतरत नसे.

"काही खास विद्या दाखव यार," शेजारच्या मेजावरचे सूर्याजी म्हणाले. "खास आदमीला इथून हलवत नाहीत म्हणे."

लक्ष्मीकांतरावांनी मराठी, हिंदी यांखाली ठळक अक्षरांत लिहिले: स्पॅनिश.

हे सर्वस्वी असत्य नव्हते. संस्थानी काळातील ग्रंथालय मोडले, तेव्हा रद्दीतून एक स्पॅनिश व्याकरण त्यांनी घरी आणले होते. शाळा सातवीतच सुटली असली तरी विद्येची तहान मोठी. तथापि तीन महिन्यांत ते ‘कासा’ या शब्दापर्यंतच पोहोचले होते. कासा म्हणजे घर. स्पेन, पोर्तुगाल, इटली, तिन्ही देशांत हाच शब्द.

"घर तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून आधी ‘ला’ लावतात," त्यांनी शामलाबाईंना समजावले होते. "पण आपल्या स्वतःच्या घरी जायचं असेल, तर ‘ला’ गळतं."

"गळेल नाही तर काय," पोळी उलटत त्या म्हणाल्या. "आपल्या घरी जायला कुणाची चिठ्ठी लागते?"

आठवड्याने एक वृद्ध इटालियन बाई किल्ला पाहण्यास आल्या. त्यांना इंग्रजी येईना. बडेबाबू जयसिंहरावांनी सगळे फॉर्म चाळले आणि लक्ष्मीकांतरावांना बोलावले.

"अहो, मला स्पॅनिश येतं. बाई इटलीच्या आहेत."

"इटली काय नि स्पेन काय, आजूबाजूलाच आहेत. चला बरं जल्दी."

किल्ल्यावर लक्ष्मीकांतरावांनी राजवाड्याकडे हात केला. "ला कासा," ते म्हणाले. बाईंनी मान डोलावली. पुढे तळे आले. लक्ष्मीकांतरावांनी ओंजळीने पाणी पिण्याचा अभिनय करून म्हटले, "ला कासा." पाण्याचेही घर असते, हे बाईंना पटले असावे. तटापाशी मात्र त्या थांबल्या. क्षितिजाकडे बोट करून, मग तोच हात उराशी नेऊन त्या हळूच म्हणाल्या, "कासा."

लक्ष्मीकांतरावांनी खाली लष्कराकडे पाहिले. चुलींचा धूर वर येत होता. त्यातला एक शामलाबाईंचा. "कासा," ते म्हणाले. दोघेही रुमाल शोधू लागले.

जयसिंहराव दुरून पाहत होते. "काय सांगितलंत एवढं? रडवलंत की बाईंना. तुमच्यासाठी मी वर लिहितोच."

त्यांनी लिहिले. पंधरवड्यात हुकूम आला: परदेशी पाहुणे यापुढे राजधानीत येणार, सबब या दुर्मीळ भाषातज्ज्ञाने तात्काळ भोपाळला हजर व्हावे. सूर्याजींनी रकान्यात केवळ मराठी लिहिली होती. ते जागचे हलले नाहीत.

भोपाळात वर्षभर एकही परदेशी पाहुणा फिरकला नाही. लक्ष्मीकांतराव टपालावर शिक्के मारीत, आणि संध्याकाळी क्वार्टरच्या कुलपापाशी किल्ली घेऊन उगाच उभे राहत. अशाच एका संध्याकाळी दाराच्या फटीत शामलाबाईंचे कार्ड सापडले.

"सासूबाई आता काठी धरून चालतात. परतीच्या बदल्यांचे फॉर्म निघालेत, असं सूर्याजीभाऊजी सांगत होते. तुम्हाला माझी शपथ आहे, भाषांच्या रकान्यात या खेपेला काही लिहू नका. मराठीसुद्धा नको."

लक्ष्मीकांतरावांनी कार्ड उलटले. पाठवणाऱ्याच्या जागी त्या नेहमी गल्ली, घर नंबर, सारे नीट लिहीत. या वेळी तिथे गोलसर अक्षरांत एवढेच होते: कासा, लष्कर.