डोळे मिटून पळवणारे लिंबाजी सर

लिंबाजी सरांचं स्टॉपवॉच सुरू असतं तेव्हा मैदानावर कोणीच पळत नसतं. आठ-दहा मुली झाडाखाली डोळे मिटून उताण्या पडलेल्या असतात आणि सर त्यांच्यामधून वाकून फिरत असतात.

"कुठवर आलीस गं?"

"दुसरी फेरी, सर."

"मंग दम कावून लागला न्हाई? खोटं पळू नको!"

तलवाड्याच्या शाळेत मी गणित शिकवते, ते खेळ शिकवतात. त्यांचं म्हणणं एकच, "शर्यत आदी डोक्यात पळायची, पाय मागून येत्यात." एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मी तर घरी पोचले." सगळ्या फिदीफिदी हसल्या. सर मात्र खूश! "बघा, शेवटची रेघ वलांडूनबी थांबली न्हाई. असं पळायचं!"

आखडलेला माणूस त्यांना बघवत नाही. झेंडावंदनाच्या भाषणात हेडमास्तरांचे खांदे कानाला टेकले, तर हे मागून गेले आणि दोन्ही हातांनी दाबून ते खाली आणले. भाषण तिथंच संपलं. गावानं टाळ्या वाजवल्या.

आमची राधा मेंढपाळाच्या घरातली. सरावात तिला कोणी गाठायचं नाही. पण गेल्या वर्षी गेवराईच्या तालुका स्पर्धेत शिट्टी वाजली, सगळ्या पळाल्या आणि ही रेघेवरच उभी राहिली. सर एका शब्दानं रागावले नाहीत. आमच्या हाका ऐकून मंडपामागून आले आणि तिच्या शेजारी नुसते उभे राहिले.

मग वर्षभर एकच ध्यास. मूठ आवळ, सोड. दात आवळ, सोड. श्वास पोटात घे. राधा डोळे मिटून शर्यत पळायची आणि गर्दीची सवय व्हावी म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक तिच्याभोवती घसा बसेपर्यंत ओरडायचो. मला तर ते फार आवडायला लागलं होतं!

यंदा पुन्हा गेवराई. बाकीच्या मुली मैदानाला चकरा मारून अंग गरम करत होत्या. राधाही दोन चकरा मारून आली आणि सरांनी तिला मंडपामागं आडवं केलं. दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक म्हणाले, "काय ओ सर, पोरगी आजारी हाय का?"

"न्हाई. तिसऱ्या फेरीत हाय."

पंधराशे मीटरची शिट्टी झाली. राधा निघाली! मी खुर्चीवर चढले. पहिली फेरी सातवी, दुसरी फेरी पाचवी. चेहरा शांत, खांदे सैल, जशी मेंढरांमागं चाललीय. शेवटच्या वळणावर तिनं दोघींना मागं टाकलं, मग तिसरीला. आता पुढं एकच पाठ! "राधे, हाण!" मी गणिताची बाई आहे हे पार विसरले. शेवटच्या दहा पावलांत तिनं तीही गाठली आणि रेघ ओलांडून तशीच पळत राहिली.

पहिली!

राधा आणि मी सरांना शोधत धावलो. सर मंडपामागं जमिनीवर बसले होते. डोळे गच्च मिटलेले, मुठी आवळलेल्या, शर्ट घामानं भिजलेला.

"सर, बघितलं का?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई बगवत, मॅडम. मी हिच्याएवढा असताना जिल्ह्याला गेलतो. शिट्टी वाजली अन् माजे पाय हाललेच न्हाईत. कुनी जवळ आलं न्हाई. त्या दिवसापासून एकबी शर्यत डोळे उघडून बगितली न्हाई मी."

इतकी वर्षं मुली पळायच्या तेव्हा सर मंडपामागं 'पाणी बघायला' का जायचे, ते मला आज कळलं.

राधा धापा टाकत त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. "सांगू का, सर?"

"सांग," ते म्हणाले. "पयल्यापासून सांग. गडबड करू नको."

ती सांगू लागली. बक्षिसासाठी लाऊडस्पीकरवर तिचं नाव दोनदा पुकारलं. ती अजून पहिल्याच वळणावर होती.